आजीची परात

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी डहाणूच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रीतिभोजन असायचं: आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र जेवायचं. आई दुपारीच चिंच लावून पितळी परात घासायला बसायची. पाय धुण्याच्या परातीचा मान आमच्या घराकडे होता. ती डोक्यावर घेऊन आजीच्या मागून चालताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मंडळी लहानच, पण माणसं कुठून कुठून आलेली! मिशनच्या दवाखान्यात नोकरीला आलेल्या वलसाडकडच्या नर्सबाई, अंकलेश्वरचे मास्तर, पाड्यांवरची वारली कुटुंबं. आजी स्वतः लग्न होऊन व्याऱ्याहून आलेली. चाळीस वर्षं मराठीत संसार केला, प्रार्थना मात्र गुजरातीतच करायची. एक गीत मराठी, पुढचं गुजराती. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

भोजनाआधी आमचे वयस्क गुरुजी दर वर्षी ब्रेदरन मंडळींची, म्हणजे आमच्या ख्रिस्ती पंथाची, तीच गोष्ट सांगत. १७०८ साली जर्मनीत श्वार्झनाऊ गावी, एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला. अलेक्झांडर माक त्यांचे पुढारी. माक यांना पाण्यात कुणी उतरवायचं, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं नाव कधीच सांगायचं नाही असं ठरलं. “अजून कुणाला ठाऊक नाही!” असं म्हणून गुरुजी थांबत, आणि दर वर्षी आम्हा मुलांच्या अंगावर काटा येई.

पुढे छळ झाला, पांगापांग झाली. १७१९ मध्ये पीटर बेकर यांच्याबरोबर काही कुटुंबं समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात जर्मनटाऊनच्या आसपास उतरली. परका मुलुख, लांब लांब घरं, त्यात आपापसातले रुसवेफुगवे. चार वर्षं एकत्र उपासना अशी नव्हतीच. मग बेकर घरोघर फिरले. २५ डिसेंबर १७२३ ला, भर थंडीत, विसाहिकन ओढ्यात सहा जणांचे बाप्तिस्मे झाले आणि त्याच रात्री तेवीस माणसं प्रीतिभोजनाला बसली. आधी एकमेकांचे पाय धुतले, मग जेवले. गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. तेवीस म्हणजे जवळजवळ आमच्या बायकांच्या ओळीएवढीच माणसं!

त्याच पंथाचे विल्बर स्टोव्हर, मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन १८९४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि त्यांनी वलसाडला काम सुरू केलं. तिथून ते डहाणूपर्यंत पोचलं. १९७० मध्ये नागपूरला वेगवेगळे पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तीत आपले लोकही सामील झाले. पाटीवरचं नाव बदललं. परात तीच राहिली.

बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. जिचे पाय धुतले-पुसले जात ती उठून पंचा कमरेला बांधायची आणि शेजारणीपुढे बसायची. अशी परात ओळीने सरकत जाई. माझा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी माझ्या वाट्याला नर्सबाई आल्या. दिवसभर वॉर्डात उभं राहून त्यांच्या घोट्यांना सूज आली होती. माझे हात थरथरत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हळू कर गं, घाई कसली?” पुसून झाल्यावर मला उठवून त्यांनी छातीशी धरलं. साडीला डेटॉलचा वास होता.

नंतर सतरंजीवर वरणभात. तसा वरणभात मी पुन्हा कुठे खाल्ला नाही.

परात आता वसईला माझ्याकडे आहे. तिच्या काठावर ठिपक्यांच्या गुजराती अक्षरांत आजीच्या वडिलांचं नाव आहे, घासून घासून अर्धं पुसट झालेलं. यंदाही ती पिशवीत घालून मी डहाणू लोकलने गेले.