आईसाहेब, आता मलाही मारायचंय का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हे उत्तर मी दरवेळी क्लास संपता संपता अर्धवटच देते. मी स्पॅनिश शिकवते आणि जरा पुढे गेलेल्या बॅचला चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या एका स्पॅनिश सरदाराच्या मुलीच्या, लिओनोर लोपेस दे कोर्दोबाच्या, आठवणी वाचायला लावते. छोटासा मजकूर आहे, एका बैठकीत वाचून होतो. आणि प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी, बहुतेक वेळा कोणाची तरी आईच, विचारते की मॅडम, ही बाई स्वतःच्या बारा वर्षांच्या मुलाला प्लेग झालेल्या पोराच्या उशाशी रात्रभर बसवते, तुम्हाला राग नाही येत हिचा?

येतो. पण मग सगळंच सांगावं लागेल, कारण तिच्या गोष्टीत नात्यांशिवाय दुसरं काही नाहीच, तिचं सुख आणि सत्यानाश दोन्ही नात्यांतूनच आलंय.

लिओनोरचा जन्म १३६२ च्या अखेरीस किंवा १३६३ च्या सुरुवातीला स्पेनमधल्या कालातायुदमध्ये, कास्तिया राज्याचा राजा पेद्रो याच्या गोतावळ्यात. आई सांचा कारिय्यो राजाच्या नात्यातली, वडील मार्तीन लोपेस राजाचे अगदी विश्वासातले आणि पुढे कालात्रावा या लढवय्या धर्मसंघाचे प्रमुख. राजाच्या मुली हिच्या धर्ममाता. आई लवकर गेली आणि सातव्या वर्षी हिचं लग्न लावलं रुय गुतिएरेस दे इनेस्त्रोसाशी, त्याचे वडील म्हणजे राजाची लाडकी आणि त्याच्या मुलींची आई मारिया दे पादिया हिचे मामा. म्हणजे माहेर पेद्रोचं आणि सासरही पेद्रोचंच. सासरची श्रीमंती सांगताना ती म्हणते की हरभऱ्याएवढ्या मोत्यांच्या चाळीस लडी होत्या घरात, आणि दागिने लिहायला बसलं तर दोन ताव कागद पुरणार नाही. हे सगळं तिने सातव्या-आठव्या वर्षी पाहिलेलं, आणि किती बारीक लक्षात ठेवलंय बघा!

मग १३६९ मध्ये मोंतिएलला पेद्रोला त्याच्या सावत्र भावाने, एन्रिकेने, मारलं आणि राज्य घेतलं. लिओनोरचे वडील तरी कार्मोनाचा किल्ला धरून बसले, १३७१ पर्यंत. शेवटी एन्रिकेने अभय देतो असा शब्द दिला, किल्ला ताब्यात आला आणि शब्द मोडून त्यांचं सेव्हिलमध्ये भर चौकात डोकं उडवलं. लिओनोर सांगते, वधस्तंभाकडे जाताना त्यांना बर्ट्रां द्यु गेक्लां भेटला, पेद्रोला दगा देऊन एन्रिकेच्या हाती देणारा फ्रेंच सरदार, आणि म्हणाला की तुमचं असंच होणार असं मी म्हणालो नव्हतो का, त्यावर वडील म्हणाले, तू गद्दार म्हणून जगतोयस त्यापेक्षा मी निष्ठावान म्हणून मरतो ते बरं. ही मुलगी तेव्हा आठ वर्षांची. कितीतरी वर्षांनी नोटरीला या आठवणी सांगून लिहवून घेताना तिने ते वाक्य जसंच्या तसं धरून ठेवलं होतं.

सगळं कुटुंब सेव्हिलच्या आतारासानासमध्ये डांबलं, म्हणजे जहाजं बांधायच्या शाही गोदीत. नऊ वर्षं. प्रत्येकाच्या पायात साठ रत्तल लोखंड. भाऊ लोपे, कैदेतच तेरा वर्षांचा झालेला, जगातलं सगळ्यात देखणं लेकरू असं ती म्हणते, त्याला वर आणखी सत्तर कड्यांची साखळी. नवऱ्याला सहा-सहा सात-सात दिवस कोरड्या टाक्यात अन्नपाण्याविना ठेवायचे, का तर तो पेद्रोच्या मुलींचा भाऊ लागतो म्हणून. नातं हाच गुन्हा. मग प्लेग आला आणि एकेक जण गेला, आणि मेल्यावर बेड्या तोडायला न्यायचे. लोपेने निरोप धाडला की देवासाठी माझा जीव जायच्या आधी या बेड्या काढा, अधिकारी म्हणाला माझ्या हातात असतं तर काढल्या असत्या, आणि तेवढ्यात पोराने हिच्या हातातच प्राण सोडला. भाऊ हिच्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठा. १३७९ ला एन्रिके वारला, मृत्युपत्रात यांना सोडायचं लिहून गेला, तोवर उरले होते फक्त ही आणि नवरा.

नवरा गेलेली इस्टेट परत मिळेल या आशेने सात वर्षं वणवण फिरला आणि एका मरतुकड्या खेचरावर बसून परत आला. ही तोवर कोर्दोबाला मावशीकडे, मारिया गार्सिया कारिय्योकडे. माय मरो मावशी जगो हे स्पेनमध्येही खरं होतं, पण ज्याने पोटासाठी नातेवाइकांकडे दिवस काढलेत त्याला पुढचं सांगायला नको. लिओनोरला जेवायला मावशीच्या घरी रस्त्यावरून जावं लागायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सरदाराच्या मुलीला त्याची फार लाज. तिने मागितलं काय तर भिंतीत एक दार, मावशीच्या वाड्यातून थेट आत यायला. मावशी हो म्हणाली आणि घरातल्या मोलकरणींनी कान भरून ते मोडलं! एका दारासाठी ही बाई महिनाभर प्रार्थना करत होती हे वाचताना दरवेळी माझ्या घशात येतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. १३९१ मध्ये कोर्दोबातल्या ज्यू वस्तीवर हल्ला झाला, लूट आणि कत्तल. त्यातलं एक पोरकं पोर हिने घरी आणलं, बाप्तिस्मा देऊन वाढवलं. त्याच्या मेलेल्या आईबापांसाठी तिच्याकडे एक शब्द नाही, तिच्या लेखी तो फक्त 'ज्यू वस्तीची लूट', आणि हे मला खुपतं, मी क्लासमध्येही सांगते. पण पुढे मावशीने तिला जागा घेऊन दिली, तिथे तिने स्वतःच्या हातच्या कामावर घरं उभी केली, बाग केली, आणि ती साफ म्हणते की त्या पोरक्या पोराला वाढवलं म्हणूनच देवाने मला ही घराची सुरुवात दिली.

हे वाक्य नीट वाचल्याशिवाय पुढचं कळत नाही. पुन्हा प्लेग आला तेव्हा ती आगिलारला मावशीच्या माणसांत होती आणि हाच मुलगा आजारी होऊन तिच्यापाशी आला, गळ्यात दोन गाठी, चेहऱ्यावर तीन फोड, अंगात फणफणता ताप. त्याला टाकायचं म्हणजे ज्याच्यामुळे घर मिळालं त्यालाच टाकायचं, देवाशी केलेला सौदा मोडायचा. तिने त्याला वडिलांच्या एका जुन्या माणसाच्या घरी ठेवलं, रात्री राखण करायला माणसं दिली, आणि ती तेरा माणसं मेली. मग कोणी जाईना तेव्हा तिने स्वतःच्या मुलाला सांगितलं, हुआन, बारा वर्षं चार महिन्यांचा. तो आईला 'सेन्योरा' म्हणतो, मी मराठीत 'आईसाहेब' करते. आईसाहेब, बाकीचे मेले, आता मलाही मारायचंय का? ती म्हणाली, मी हे ज्या दयेने करतेय ते बघून देव माझ्यावर दया करेल. पोराने आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून रात्र काढली, त्याच रात्री त्याला लागण झाली, दुसऱ्या दिवशी तिने त्याला पुरलं. आजारी पोर जगलं.

मावसभावाच्या बायकोने तर तो शेवटच्या घटका मोजत असतानाच घराबाहेर काढा म्हणून सांगितलं. अंत्ययात्रेत लोक रस्त्यावर येऊन ओरडत होते की बाहेर या, जगातली सगळ्यात अभागी बाई बघा. नातेवाइकांनी तिला जायला सांगितलं आणि ती कोर्दोबाला आपल्या घरांत परत आली, मजकूर तिथेच संपतो.

नंतर तिचे दिवस पालटले तेही नात्यानेच, पेद्रोची नात कातालिना कास्तियाची राणी होती आणि १४०६ नंतर छोट्या राजाच्या नावाने कारभार बघत होती, तिने लिओनोरला इतकं जवळ केलं की तिच्या सल्ल्याशिवाय दरबारात काही हलेना. १४१२ मध्ये कातालिनानेच तिला हाकलून दिलं आणि परत आलीस तर जाळीन असं कळवलं. लिओनोर १४३० मध्ये वारली.

तर राग येतो का? येतो. पण त्या रात्री मायलेकांत काय बोलणं झालं ते ऐकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी गेला होता. 'बाकीचे मेले, आता मलाही मारायचंय का' हे वाक्य तिने सांगितलं नसतं तर जगात कोणाला कळलं नसतं, आणि तिने नोटरीसमोर बसून, शपथेवर, ते लिहायला लावलं.