आईचे गुडघे आणि आमची नवी गाडी

आज दिवसभर कराडमधली चार शोरूम पालथी घातली. मनात डिझेलच होतं. पण माझं रोजचं जाणं-येणं जेमतेम 12 किलोमीटर, तेही गावातल्या गावात. बीएस-6 या प्रदूषण-नियमांतल्या डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठलेली काजळी जळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. आमच्या मेकॅनिककाकांनी हे नीट समजावलं आणि डिझेल बाद झालं.

सीएनजी परवडतं, पण 60 लिटरची एकच टाकी असली की डिकी जवळजवळ संपतेच. मग गणपतीला कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाताना पाच माणसांच्या बॅगा ठेवायच्या कुठे? टाटाने 2023 पासून 30-30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, ती मांडणी मला मनापासून आवडली.

पण खरा निकाल लावला आईने. एका बुटक्या गाडीतून उतरताना तिने दाराची कड घट्ट धरली आणि हळूच म्हणाली, "उठवत नाही रे." टाटाच्या 'पंच' गाडीची सीट उंच. तिथे ती पदर सावरत सहज बसली, सहज उतरली.

आमच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम (नुसत्या गाडीच्या) आणि ऑन-रोड (कर, नोंदणी, विमा धरून होणाऱ्या) किमतीत लाखभराचा फरक आहे. गाडी बघायला निघताना ऑन-रोडचाच आकडा धरा, कळकळीने सांगतोय. उद्या सकाळी कर्जासाठी बँकेत जातोय.