गुळवेलीचे सत्व घरी काढताना

उन्हाळा लागला की माझ्या आईच्या तळपायांची आग होऊ लागते आणि ती गुळवेलीच्या सत्वाची डबी मागते. तीन वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या एका दुकानातून आणलेली पुडी तिने उघडली, चिमूटभर सत्व जिभेवर ठेवले, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "हे गुयवेलीचं नाही बापा, हे तं आरारोट हाय." मी शाळेत विज्ञान शिकवतो. तिच्या जिभेपेक्षा आपली परीक्षा खरी ठरेल अशा विश्वासाने मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या आयोडिनचा एक थेंब त्या पांढऱ्या भुकटीवर टाकला. भुकटी निळीकाळी झाली तेव्हा चोरी पकडल्याचा आनंद मला झाला, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला, कारण थोडे वाचल्यावर कळले की खरे सत्वदेखील मुख्यतः पिष्टच असते आणि तेही आयोडिनने निळेच होते. फरक होता तो फक्त कडवटपणाचा, आणि तो ओळखायला आईची जीभच लागणार होती. तेव्हाच सत्व घरी काढायचे ठरवले.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात आहे. कपाशी आणि तुरीच्या वावरांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, कडुनिंबाची जुनी झाडे आहेत आणि त्यांतल्या काहींवर गुळवेल चढलेली आहे. कडुनिंबावरची वेल सर्वांत गुणकारी, असे आमच्याकडे पूर्वापार मानतात. २०२० साली, कोरोनाच्या दिवसांत, काढ्यासाठी लोकांनी गावाजवळच्या बऱ्याच वेली ओरबाडून नेल्या. त्यामुळे मला गावापासून दूर, शेजाऱ्यांच्या धुऱ्यापर्यंत जावे लागले. वेल रानटी असली तरी धुरा कोणाचा तरी असतो, म्हणून आधी विचारून घेतले.

पहिला प्रयत्न मी श्रावणात केला, कारण तेव्हा वेल पानांनी भरलेली असते आणि ओळखायला सोपी जाते. हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत, लांब देठाचे पान आणि खोडावरून खाली लोंबणाऱ्या दोऱ्यासारख्या मुळ्या पाहिल्या की फारशी शंका राहत नाही. वेल आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, आणि वरची कागदासारखी पातळ साल नखाने खरवडली की खालचा हिरवा थर दिसतो. मी मोठ्या उत्साहाने दोन किलो वेल आणली, ठेचली, भिजवली आणि गाळली. सकाळी गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी चमचाभर चिखलासारखा थर साचला होता. आभाळ भरून आलेले असल्यामुळे तो वाळेना आणि चौथ्या दिवशी त्यावर बुरशी आली.

ही चूक मला कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका वयस्कर काकांनी समजावली. त्यांनी वेलीचा एक तुकडा हातात घेऊन पिळला, बोटांवर आलेले पाणी मला दाखवले आणि म्हणाले, "आता ते पाण्यावर हाय, गुरुजी. पानं झडू द्या, मंग कापा." ते शास्त्राच्या भाषेत बोलत नव्हते, पण त्यांच्या सांगण्यामागचे कारण मला लगेच पटले. पावसाळ्यात वेल पाने वाढवण्यात साठा खर्च करत असते, तर पानगळीनंतर तो साठा पिष्टाच्या रूपाने खोडात राहतो आणि नवी पालवी फुटली की पुन्हा खर्च होऊ लागतो. म्हणजे सत्व काढायचे ते पाने झडल्यानंतर आणि पालवी फुटण्यापूर्वी.

इथे एक पेच आहे, आणि या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. वेल पानांवरून ओळखायची आणि कापायची मात्र पाने नसताना. निष्पर्ण वेलींच्या गुंत्यात कोणती वेल कोणती, हे ठामपणे सांगणे माझ्यासारख्याला जमत नाही. गुळवेलीची एक नातेवाईक जात आहे, तिच्या खोडावर ठळक चामखिळींसारख्या गाठी असतात. दुसरी एक आहे, तिच्या पानाच्या खालच्या बाजूला लव असते. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने असा खुलासा केला की वेलीची ओळख नीट पटवलेली नाही आणि गाठींच्या जातीशी गल्लत झालेली असू शकते. त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण आईच्या पोटात जाणारी वस्तू अंदाजाने कापायची नाही, एवढे मी त्यातून घेतले. म्हणून पुढच्या श्रावणात मी कापणी केलीच नाही. पाने दोन्ही बाजूंनी तपासली, पक्क्या ठरलेल्या तीन वेलींना जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या आणि घरी परतलो.

त्यानंतर उन्हाळ्यात शाळेला सुट्ट्या लागल्या तेव्हा कापली, आणि तेही चुकलेच. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रात्री भिजवलेला गंज मी दुपारपर्यंत स्वयंपाकघरात विसरलो आणि झाकण काढले तेव्हा आंबील उतू जावे तसा फेस वर आला होता आणि आंबूस वास सुटला होता. आईने तो गंज उकिरड्यावर रिकामा करायला लावला. त्या दिवशी मिक्सरचेही नुकसान झाले. तुकडे बारीक करायला मी ते मिक्सरमध्ये घातले होते, पण गुळवेलीचे तंतू पात्याभोवती सुतळीसारखे आवळले गेले आणि मोटारीतून जळका वास येऊ लागला.

अखेर या फाल्गुनात काम जमले. दिवसा ऊन कडक होते आणि रात्री अजून गारवा होता. चिंध्या बांधलेल्या वेलींपैकी दोन मी निवडल्या आणि त्यांची अंगठ्याएवढी जाड, जुनी खोडे तेवढी विळ्याने कापली. कोवळे शेंडे आणि जमिनीतले मूळ सोडून दिले. घरी तराजूवर ती सहा किलो भरली. धुऊन, बाहेरची पातळ साल खरवडून बोटभर लांबीचे तुकडे केले आणि ते उखळात मुसळाने ठेचले. ठेचायचे म्हणजे चुरा करायचा नाही, तंतू सुटे होऊन आतला गर मोकळा होईल इतपतच. ठेचता ठेचता उखळात बुळबुळीत पांढरट फेस येतो आणि हाताला जो कडवटपणा लागतो तो साबणाने जात नाही. मी दोन दिवस भाकरी खाताना प्रत्येक घासाला गुळवेल चाखत होतो.

ठेचलेला गर सुमारे पाचपट पाण्यात रात्रभर भिजवला. पहाटे, ऊन चढण्याच्या आत, त्यातला चोथा दोन्ही हातांनी चांगला कुस्करला आणि पाणी धोतराच्या जुन्या, धुतलेल्या फडक्यातून गाळून रुंद तोंडाच्या स्टीलच्या गंजात सोडले. चोथ्यात थोडे पाणी घालून तो पुन्हा एकदा पिळला. मग गंज सावलीत हलू न देता चार तास ठेवला. वरचे हिरवट पिवळे पाणी हळूच ओतून दिले की तळाशी करड्या रंगाचा घट्ट थर दिसतो. त्यावर ताजे पाणी घालून ढवळायचे, पुन्हा बसू द्यायचे आणि पुन्हा वरचे पाणी काढायचे.

हे धुणे किती वेळा करायचे यावर माझे आणि आईचे जमले नाही. मला सत्व पांढरे हवे होते. ती दोनदापेक्षा जास्त धुऊ देईना. तिचे म्हणणे असे की प्रत्येक पाण्याबरोबर वेलीतला कडवटपणा वाहून जातो आणि शेवटी नुसता पांढरा रंग उरतो. पाण्यात विरघळते ते कडू द्रव्य आणि तळाशी बसते ते पिष्ट, हे मी मुलांना शिकवतो, तरी माझ्या डोळ्यांसमोर दुकानातली पुडीच होती. शेवटी दोनदाच धुतले. थर ताटात पातळ पसरून, वर पातळ कापड बांधून दोन दिवस उन्हात वाळवला. फिकट राखाडी, किंचित कडू असे सत्व तयार झाले आणि ते वजनात भरले ९० ग्रॅम. सहा किलोचे ९० ग्रॅम. स्वस्तातल्या पुड्यांत काय असते, याविषयी मला आता कोणाला विचारावे लागत नाही.

एक गोष्ट आधी करायला हवी होती, ती मी सत्व तयार झाल्यावर केली. आईला मधुमेहाची गोळी चालू आहे. ओळखीच्या वैद्यांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की गुळवेलीनेही साखर उतरू शकते, त्यामुळे गोळीबरोबर रोज देऊ नका, आणि देण्याआधी व दिल्यानंतर साखर तपासा. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्याही कानावर घातले. आता ती आठवड्यातून दोनदा, गहूभर सत्व दुधातून घेते. आग कमी झाली का, असे विचारले तर ती "बरं वाटते" एवढेच म्हणते, आणि त्यातले किती सत्वाचे व किती संध्याकाळी पायांवर ओतलेल्या माठातल्या पाण्याचे, हे मला सांगता येणार नाही.

अर्धे सत्व कागदात बांधून मी पोडावरच्या काकांकडे नेले. त्यांनी पुडी हुंगली, चाखली आणि हसले. "इतकी मेहनत कायले, गुरुजी? आमी तं बोटभर तुकडा उकयतो अन् पेतो." मी धुऊन टाकलेले सगळे पाणी त्यांच्या काढ्यात राहते, हे त्यांच्या अंगणात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आले. तरी आईला काढा सोसत नाही, तिला उलटी होते, म्हणून सत्व दर फाल्गुनात काढावे लागणारच आहे. कापलेल्या दोन वेलींच्या लोंबत्या टोकांतून आता पांढऱ्या मुळ्या सुटल्या आहेत आणि एक तर धुऱ्याच्या मातीला जवळपास टेकली आहे. त्या दोघींना यंदा हात लावायचा नाही. श्रावणात आणखी दोन वेली पाहून ठेवीन. लाल चिंध्या संपल्या आहेत, तेव्हा या वेळी हिरव्याशिवाय कुठलाही रंग चालेल, कारण हिरवी चिंधी पावसाळ्यात पुन्हा सापडत नाही.