पूर्णविराम दिला की राग दिसतो म्हणे

इंग्रजीच्या पेपरात वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसला की मी अर्धा मार्क कापायचो. मिरजेच्या शाळेत त्यासाठी मी पुरेसा बदनाम होतो. आता माझी भाची उलट करते, पूर्णविराम दिला की मलाच झापते. "रात्री नऊपर्यंत पोचते" असा तिचा इंग्रजीत मेसेज आला. मी लिहिलं, 'ओके.' लगेच फोन. "मामा, चिडलायस का?"

ती पुण्यात आयटीत आहे, दिवसभर अमेरिकेतल्या लोकांशी चॅट चालू असतं. तिने माझी शिकवणीच घेतली. नुसतं 'ओके' चालतं. शेवटचं अक्षर लांबवून 'ओकेऽऽ' केलं तर त्यात माया. पुढे टिंब दिलं तर दार आपटल्यासारखं. आणि एकटाच 'के' आला तर भांडण पेटलंच म्हणून समजा. आमच्या पिढीची तीन टिंबं तर त्यांना सरळ टोमणा वाटतात! आम्हाला त्यातून 'बोलू नंतर' एवढंच म्हणायचं असतं.

मला हे पोरांचं नाटक वाटलं होतं. पण अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 साली 126 विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग झालाय. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की मेसेज कमी मनापासूनचा वाटला. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिलं, तर काही फरक पडला नाही. मला यातली चिठ्ठीच महत्त्वाची वाटते. कागदावर वाक्य कुठे संपलं ते टिंबच सांगतं. फोनवर 'सेंड' दाबलं की ते आपोआप संपतं. म्हणजे टिंबाला काम उरलं नाही. तरीही कुणी मुद्दाम ते टाकलं, तर वाचणारा त्यात काहीतरी शोधणारच. समोर ना चेहरा, ना आवाज.

'इंटरनेटने इंग्रजीचं वाटोळं केलं' असं माझे जुने सहकारी म्हणतात, ते मला पटत नाही. 'ओएमजी' हे 'ओ माय गॉड'चं संक्षिप्त रूप ब्रिटिश अ‍ॅडमिरल फिशरने 1917 साली चर्चिलला लिहिलेल्या पत्रात सापडतं. आणि आपल्या मोडीत तरी पूर्णविराम कुठे होता? मराठीत विरामचिन्हं रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने, तीही इंग्रजीवरूनच.

शिवाय हीच भाची क्लायंटला ईमेल लिहिते तेव्हा स्वल्पविरामही चुकत नाही. पाच मिनिटांनी चॅटवर सगळी अक्षरं स्मॉल. कुठे कसं लिहायचं हे तिला नेमकं कळतं. 'फॉर्मल लेटर' आणि 'इनफॉर्मल लेटर' घोकून घेताना आम्ही दुसरं काय शिकवत होतो?

आता ती म्हणते, अंगठ्याची इमोजीसुद्धा पाठवू नकोस, तुसडेपणा वाटतो. हे मात्र मी ऐकणार नाही. सकाळच्या 'गुड मॉर्निंग'ना उत्तर द्यायला माझ्याकडे तेवढंच एक साधन आहे.