शुआराच्या हौदांवर

बाब बूजलूदची निळी वेस ओलांडली की जुन्या फेस शहरात मोटार शिरतच नाही. सगळा माल गाढवांच्या नि खेचरांच्या पाठीवर. आमच्या कंपनीच्या पर्सेससाठी चामडं बघायला मी मोरोक्कोत गेले होते. समोरून ओल्या कातड्यांनी लादलेलं खेचर आलं आणि मला अंग चोरून भिंतीला चिकटावं लागलं. १९८१ पासून जागतिक वारसा असलेलं हे शहर. हमालांना त्याचं काय, आजचा माल आज पोचला पाहिजे!

शुआरा म्हणजे इथला कातडी कमावण्याचा जुना कारखाना. त्याचे हौद नीट बघायचे तर दुकानाच्या गच्चीवर चढावं लागतं. दारात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. मी ती पर्समध्ये टाकली. या धंद्यात नाक मुरडून चालत नाही. खाली पांढरे हौद, पलीकडे रंगांचे. पांढऱ्यांत आधी चुना, केस सुटावेत म्हणून. मग पाण्यात कालवलेली कबुतरांची विष्ठा. तिनं कातडं मऊ पडतं, रंग चांगला धरतं. मांड्यांपर्यंत उतरलेली माणसं कातडी पायांनी तुडवत होती. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल नि हिरड्यात मुरवतात, ते जाड, टणक लागतं. इथलं बकऱ्याचं कातडं मुठीत चुरगाळून सोडलं, तर घडी राहिली नाही.

दुकानदारानं चहा मागवला आणि सुरू झाला: सगळे रंग नैसर्गिक, लाल खसखशीच्या फुलांचा, निळा निळीचा, पिवळा केशराचा. केशराचा भाव मला ठाऊक आहे, त्यामुळे मी नुसती हसले. पांढरा रुमाल ओला करून लाल कातड्यावर दाबून घासला. रुमाल गुलाबी. बदामीवर घासला, काही नाही. पिवळ्यावर किंचित डाग.

कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या मअल्लमनं, म्हणजे उस्ताद कारागिरानं, रुमाल मागून घेतला, उजेडात धरला आणि दुकानदाराला चार शब्द सुनावले. त्याचा चेहरा पडला. ‘‘लाल अजून तयार नाही म्हणतात,’’ तो पुटपुटला. उस्तादांनी स्वतः बदामीचा गठ्ठा सोडला, दोन कातडी पोटाकडे पातळ म्हणून बाजूला फेकली आणि बाकीची माझ्यापुढे सरकवली.

लालाचे नमुने नंतर पाठवा, म्हटलं. बदामी घेतलं. चौरस फुटाच्या दरावर मात्र चहाची आणखी एक किटली रिकामी झाली.