स्ट्रक्ट उचलून थेट वायरवर टाकू नका राव

खोलीत मस्त बसलोय आणि स्क्रीनवर तापमान येतंय उणे ५८.७९. सेन्सर बदलला, वायर बदलली, स्वतःच्या सोल्डरिंगवर संशय घेऊन झाला, शेवटी लॉजिक अ‍ॅनालायझर लावला तर वायरवर बाइट्स अगदी शहाण्यासारखे जात होते, हेक्समध्ये आधी ०९ मग ई९, म्हणजे २५३७, म्हणजे २५.३७ अंश. माझा कोड तेच उलटं वाचत होता, ई९ ०९, आणि १६ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये त्याचे होतात उणे ५८७९. एन्डियनचा, म्हणजे कोणता बाइट आधी याचा घोळ, दुसरं काय. समोरच्या टीमच्या डॉक्युमेंटमध्ये "तापमान, १६ बिट" एवढंच होतं, बाइट ऑर्डरचा पत्ता नाही, आणि मीही आलेले बाइट्स मेमकॉपीने जसेच्या तसे थेट स्ट्रक्टमध्ये, म्हणजे कोडमधल्या फील्डच्या गठ्ठ्यात, ओतले होते, तेव्हा चूक अर्धी माझीच.

खरं तर स्ट्रक्ट ही कंपायलरची खासगी मांडणी आहे. एक बाइटचा आयडी, मग ३२ बिटचा टाइमस्टॅम्प, मग १६ बिटचं रीडिंग, बोटावर मोजले तर ७ बाइट, पण ३२ बिटच्या प्रोसेसरवर साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्टचा मेमरीतला आकार, बहुतेक वेळा १२ सांगतो, कारण आयडीनंतर ३ आणि शेवटी २ बाइट पॅडिंग, म्हणजे नुसती भरती, घुसतं. त्या पॅडिंगमध्ये काय असेल याची गॅरंटी नाही, त्यामुळे तंतोतंत सारख्या दोन मेसेजचे सीआरसी (चूक पकडायचे चेकसम) वेगळे येऊ शकतात आणि आपण बसतो डोकं धरून. मग कोणीतरी म्हणतं, पॅक्ड कर की, म्हणजे पॅडिंगच नको! करा, पण त्या टाइमस्टॅम्पचा पॉइंटर काढून कुठे दिलात आणि चिप कॉर्टेक्स-एम०ची असेल तर अनअलाइन्ड, म्हणजे ४ ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून, वाचलं की थेट हार्डफॉल्ट, प्रोग्राम तिथेच आडवा. मी आता गपचूप शिफ्ट करून एकेक बाइट लिहितो, चार ओळी जास्त होतात, होऊ देत.

आणि ऑर्डर एकदा लिहिली की सुटलो असंही नाही बरं का. मॉडबस आरटीयू या औद्योगिक प्रोटोकॉलमध्ये रजिस्टरचा, म्हणजे १६ बिटच्या आकड्याचा, वरचा बाइट आधी जातो, पण त्याच फ्रेमच्या (वायरवरच्या एका अख्ख्या मेसेजच्या) शेवटी सीआरसीचा खालचा बाइट आधी! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पीडीएफच चुकलीय.

फ्रेम कुठे सुरू होते हे ओळखायला मी सीओबीएस नावाचं एन्कोडिंग वापरतो, डेटामधले सगळे शून्य बाइट परत मिळवता येतील असे बदलून टाकतो, मग शून्य दिसला की फ्रेम संपली, आणि खर्च दर २५४ बाइटमागे जास्तीत जास्त एक. फ्रेमिंगचा विषय माझ्यापुरता तिथेच मिटतो.

हल्ली डॉक्युमेंटमध्ये फील्डच्या टेबलखाली एक आख्खा मेसेज हेक्समध्ये लिहून ठेवतो, बाजूला त्याचा अर्थ, आणि त्यात मुद्दाम एक निगेटिव्ह तापमान. तोच मेसेज दोन्ही बाजूंच्या युनिट टेस्टमध्येही टाकलाय. परवा समोरच्यांनी फर्मवेअर बदललं आणि त्यांचीच टेस्ट लाल झाली, मला फोनसुद्धा आला नाही.