कटाची आमटी कशात वाढायची?

गेल्या वैशाखात माहेरी, कराडजवळच्या आमच्या गावी, दादाच्या नव्या घराची घरभरणी झाली. दोनशे माणूस धरलं होतं. आचारी, मांडव, पुरणपोळीचा बेत हे सगळं दादा-वहिनीनं ठरवून टाकलेलं. जेवायच्या ताटांचं तेवढं माझ्यावर सोपवलं. स्टीलची ताटं भाड्यानं मिळतात, पण गाव डोंगराकडचं, उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी. दोनशे ताटं घासायची कशानं?

कराडच्या बाजारातून मी प्रत्येक प्रकारची पाच-पाच पानं आणली. एका दुकानदारानं थर्माकोलच्या प्लेटाही आतून काढून दाखवल्या. राज्यात २३ मार्च २०१८ पासून त्यांना बंदी आहे, तरी मिळतात. मी हातसुद्धा लावला नाही. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर आमचीच गाय त्या प्लेटा चघळत होती, पुरण लागलं होतं म्हणून. आईनं तिच्या तोंडातून तुकडे ओढून काढले होते. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

घरी आल्यावर कटाची आमटी केली आणि उकळती असतानाच सगळ्या प्लेटांत एकेक पळी ओतली. बेताचं सगळं वजन तिच्यावर असतं. पातळ, तिखट, वर तेलाचा तवंग. आमटी ज्यात अर्धा तास टिकेल तेच पान घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

चंदेरी कागदी प्लेटमध्ये आमटी टिकली, पण प्लेट इतकी लेचीपेची की उचलली की दुमडते. शिवाय ती चंदेरी बाजू फाडून पाहिली तर कागदावरून प्लास्टिकचा पापुद्राच सुटून आला. मशीनवर दाबलेल्या पत्रावळीनं तर मला फसवलंच. वरून पळसाची पानं, दिसायला देखणी. रात्रभर पाण्यात भिजत ठेवली आणि सकाळी पानं वेगळी, मागचा पुठ्ठा वेगळा, आणि मधोमध पारदर्शक प्लास्टिकचा कागद. पत्रावळ म्हणून विकत घेणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? तुम्ही घेत असाल तर आधी एक भिजवून बघाच.

उसाच्या चिपाडाच्या पांढऱ्या प्लेटांबद्दल मला जरा जास्तच आपुलकी होती. आमच्या भागात कारखाने तेच चिपाड बॉयलरला जाळतात, त्याची ताटं होतात हे ऐकूनच बरं वाटतं. गळली नाही, पण वीस मिनिटांत बूड मऊ पडलं. आणि बाजारात मिळाल्या त्या सगळ्या कप्प्यांच्या. अख्खी पुरणपोळी कुठल्या कप्प्यात ठेवणार? डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात आणि पोळी, असं आपलं पान सपाटच लागतं.

सुपारीची प्लेट सगळ्यांत भक्कम. पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, गळून पडलेली विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण) धुऊन, गरम साच्यात दाबून ती करतात. डिंक नाही, रसायन नाही. आमटी अर्धा तास राहिली, खाली ओलसुद्धा आली नाही. वहिनी म्हणाली, “वन्सं, ह्याच घ्या की सरसकट.” पण बारा इंची प्लेट अकरा रुपयांना, आणि हाताच्या शिवलेल्या पत्रावळी चार रुपयांना होत्या.

त्या पत्रावळीत आमटी पाच मिनिटांत झिरपली. मी ती बाजूला सारणार तेवढ्यात आई म्हणाली, “अगं, पत्रावळीवर आमटी अशी मोकळी कोण ओततं? भाताला आळं कर, त्यात वाढ.” तिच्या माहेरी चैत्र-वैशाखात पळसाची नवी पानं आली की दुपारभर बायका पत्रावळी लावत बसायच्या. वाढण्याआधी पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे वाळलेलं पान लवचिक होतं आणि काडीपाशी चिरत नाही, हेही तिनंच दाखवलं. आळं करून पुन्हा वाढलं, तर भातानं आमटी धरून ठेवली.

शेवटी पंगतीला एकशेसाठ हाताच्या पत्रावळी घेतल्या. कटाची आमटी वाटीनं पिणारी मंडळी आमच्याकडे पुष्कळ, आणि द्रोण सतरंजीवर कलंडतो; म्हणून सगळ्यांना सुपारीच्या वाट्या. मांडी घालून बसता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांना हातात धरायला सुपारीच्या चाळीस प्लेटा. पत्रावळीची प्रत्येक काडी आदल्या रात्री आम्ही चौघींनी चाचपून पाहिली. लहान मुलांच्या घासात काडी जाते, ही भीती खरी आहे. सुटलेल्या काड्यांची अकरा पानं बाजूला काढली.

जेवणं झाल्यावर खरकटं काढून पानं गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकली, वर शेण आणि माती. काड्यांमुळे गुरांपुढे एकही पान टाकू दिलं नाही. आषाढात दादानं खड्डा उकरला आणि फोन केला. वाट्या अजून हाताला लागतात, पण दाबल्या की मोडतात, म्हणाला. पत्रावळींच्या नुसत्या काड्या उरल्यात.